जुळ्यांचा माग

पाऊस सरला की जुन्नर-आंबेगावच्या मोकळ्या रानांत धनगरांचे कळप उतरतात. खत मिळावं म्हणून शेतकरी रात्री मेंढरं शेतात बसवून घेतात. बिबट्याच्या धाकानं कुत्री जागीच असतात. दख्खनी मेंढीपाशी दिसतं ते बहुधा एकच कोकरू, जुळं क्वचितच.

फलटणची ‘सुवर्णा’ मेंढी मात्र बरेचदा जुळं देते. बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली काढलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत ती घडली. त्यासाठी सुंदरबनातल्या ठेंगण्या गारोळ मेंढीचं रक्त दख्खनीत आणलं गेलं. हा गुण त्याआधीच परदेशी पोचला होता. १७९२-९३ मध्ये बंगालची मेंढरं कोलकात्याहून जहाजानं ऑस्ट्रेलियात गेली. तिथल्या बुरुला नावाच्या मळ्यात मग जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या गाजल्या. कारण सापडलं ते २००१ मध्ये, एकदम तीन प्रयोगशाळांना. बीएमपीआर-१बी या ग्राही प्रथिनात २४९व्या जागी ग्लुटामिन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन बसलं होतं. पुढच्याच वर्षी गारोळमध्येही तोच बदल सापडल्याचं प्रसिद्ध झालं. घरचीच चीज, पण ओळख परदेशातून पटली!

खरी गंमत या ग्राहीच्या मूळ कामात आहे. १९६५ मध्ये मार्शल उरिस्ट यांनी क्षार काढलेलं हाड प्राण्याच्या स्नायूत ठेवलं, तर तिथे नवं हाड धरलं. हाडाला ‘घड’ म्हणून सांगणारी ती प्रथिनं पुढे बीएमपी म्हणून ओळखली गेली. त्यांचा निरोप पेशीच्या पृष्ठभागावरचे ग्राही घेतात. १९९६ मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या पायात या ग्राहींचं काम अडवलं, तेव्हा बोटांमधलं कातडं गळलं नाही. पाय बदकासारखा जोडलेला राहिला. बीएमपीआर-१बी नसलेल्या उंदरांची बोटं आखूड झाली. माणसात याच ग्राहीतल्या काही बिघाडांनी तर्जनीचं मधलं पेर खुजं राहतं.

गर्भात बोटं घडवणारा हा ग्राही मोठ्या मेंढीच्या अंडाशयातही कामाला असतो. त्याच्या जनुकातलं एक अक्षर बदललं की तिथे एका वेळी एकाहून जास्त बीजं पिकतात.

जुळं म्हणजे धनगराच्या पदरी जास्तीचं कोकरू, हे खरं. पण रोज चालणाऱ्या कळपात आईला चारा पुरला तरच दूध उतरतं. बदललेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच मेंढीत आल्या तर तिळंही होतं. आणि मेंढीला सड दोनच असतात.