युरियाच्या पोत्यामागचा दाब



पाऊस पडून पिकं गुडघ्याला लागली की नांदेड-लातूरकडं युरियाची मागणी सुरू होते. गंमत अशी की आपल्या एक एकर रानाच्या डोक्यावर हवेत सुमारे 30 हजार टन नत्र आहे, आणि आपण त्याच नत्रासाठी दुकानापुढं उभे राहतो. पण हवेतला नत्र पिकाला तसाच घेता येत नाही. तो पोत्यात कसा आला, त्याचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे.

1898 साली विल्यम क्रुक्स या इंग्रज शास्त्रज्ञानं इशारा दिला होता, की चिली देशातल्या सोऱ्याचे साठे कायम पुरणार नाहीत आणि हवेतला नत्र बांधता आला नाही तर गव्हाची टंचाई होईल. नॉर्वेत 1905 च्या सुमारास विजेच्या ठिणग्यांनी हवेतला नत्र नि प्राणवायू जोडून खत करू लागले. त्याला वीज फार लागे. शिवाय तिथं दोन भाग वायूचे दोनच भाग वायू होतात, म्हणून दाब वाढवूनही उत्पन्न वाढत नाही.

अमोनियाचं तसं नाही. एक भाग नत्र आणि तीन भाग हायड्रोजन मिळून अमोनियाचे दोनच भाग होतात. चाराचे दोन! पण अमोनिया तयार होतो तसा तो फुटतही असतो. आठवडी बाजारात जितके लोक येतात तितकेच निघून जाऊ लागले की गर्दी आहे तेवढीच राहते ना, तसंच हे. याला रासायनिक समतोल म्हणतात. 1884 साली ल शाटेलिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं याचा नियम सांगितला. समतोलावर ताण आणला की तो ताण हलका होईल त्या बाजूला सरकतो. वायू दाबला, की कमी जागा लागणारी बाजू वरचढ ठरते, म्हणजे अमोनियाची. जिनिंगच्या प्रेसमध्ये रुई दाबून गाठ बांधतात, तिची आठवण येईल. मात्र गाठीत रुई ती रुईच राहते, इथं पदार्थच बदलतो.

ल शाटेलिएनं स्वतः प्रयोग करून पाहिला. उपकरणात हवा शिरल्यामुळं स्फोट झाला आणि त्यानं नाद सोडला. पुढं 1909 मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहे इथं फ्रिट्झ हाबरनं ते साधलं. 500 अंश उष्णतेला साध्या दाबाखाली शंभरात जेमतेम एक दशांश भाग अमोनिया मिळतो. हवेच्या 200 पट दाब दिला तर 15 ते 20 भाग. उष्णता कमी ठेवली तर अमोनिया जास्त टिकतो खरा, पण क्रिया इतकी मंद होते की कारखाना चालायचा नाही. म्हणून मधला मार्ग काढला: बेताची उष्णता, भरपूर दाब आणि क्रियेला वेग देणारा उत्प्रेरक. तयार अमोनिया थंड करून काढून घ्यायचा, उरलेला वायू पुन्हा फिरवायचा.

एवढा दाब सोसणारं भांडं कुठून आणायचं? कार्ल बॉश या अभियंत्यापुढं हाच प्रश्न होता. तापलेला हायड्रोजन पोलादातला कर्ब खाऊन टाकी, पोलाद ठिसूळ होऊन भांडं फुटे. त्यानं आत मऊ लोखंडाचं अस्तर घातलं आणि बाहेरच्या पोलादाला बारीक भोकं पाडली, म्हणजे झिरपलेला हायड्रोजन निघून जाई. माझ्या मते हाबरच्या प्रयोगाइतकंच मोठं काम हे. 1913 मध्ये ओपाऊला कारखाना सुरू झाला. लगेच महायुद्ध पेटलं आणि हाच अमोनिया दारूगोळ्यालाही लागला, हेही विसरून चालणार नाही.

आपल्या देशात 1951 मध्ये सिंद्रीचा, 1965 मध्ये मुंबईजवळ ट्रॉम्बेचा आणि 1980 च्या दशकात अलिबागजवळ थळचा कारखाना आला. अमोनियापासून युरिया करतानाही कर्बवायूबरोबर तो मोठ्या दाबाखालीच जोडावा लागतो. आज 45 किलोच्या पोत्यात 20.7 किलो नत्र असतं.

आता रानातलं बघा. आपली काळी जमीन बहुतेक चुनखडीची, विम्लधर्मी. ओलसर जमिनीवर युरिया फेकून दिला की त्याचा पुन्हा अमोनिया होतो. इथं दाबून धरणारं कोणी नाही. वायू उडून जातो, परत येत नाही, म्हणून समतोल साधतच नाही आणि आणखी अमोनिया सुटत राहतो. कडक ऊन आणि वारा असेल तर नुकसान जास्त. तेव्हा कपाशीला, उसाला युरिया देताना ओळीच्या बाजूला चर पाडून द्या नि मातीनं झाका, किंवा दिल्यावर लगेच हलकं पाणी द्या. सोयाबीनला मात्र वरून युरिया फेकण्याची घाई करू नका. त्याच्या मुळांवरच्या गाठीतले जिवाणू हेच काम दाबाशिवाय, जमिनीच्या साध्या उष्णतेत करतात. पेरणीआधी 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम चोळा, बी सावलीत सुकवा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी.