लोकनाट्य

तमाशाच्या चौकटीत सामाजिक-राजकीय विषय मांडणारा मराठी प्रयोगप्रकार. हे नाव 1940 नंतर रूढ झाले. त्याचे श्रेय बहुधा शाहीर अण्णा भाऊ साठे (1920–69) यांना दिले जाते.

पार्श्वभूमी : वाळवा तालुका (तेव्हा सातारा जिल्हा, 1949 मध्ये दक्षिण सातारा, 1960 पासून सांगली) हा तमाशाचा जुना मुलूख. लावणीकार पठ्ठे बापूराव (जन्म 1866) इथल्याच रेठरे हरणाक्षचे. वाटेगावचे अण्णा भाऊ आधी नात्यातल्या बापू साठे यांच्या फडात होते. 1944 मध्ये त्यांनी अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले.

स्वरूप : ढोलकी, तुणतुणे, झांज ही साथ कायम राहिली. गणात गणपतीऐवजी मातृभूमी व श्रमिक यांना वंदन आले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’ अशा प्रयोगांत राजाराणीच्या जागी सावकार आणि पुढारी उभे राहिले. गाण्यांची जुनी नावे मात्र अण्णा भाऊंनी टाकली नाहीत. महानगरातली विषमता दाखवणारी त्यांची रचना ‘मुंबईची लावणी’च आहे; संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजलेली ‘माझी मैना’ ही छक्कड आहे.

नावाचा प्रश्न : स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली; पुढे संहिता तपासून खेळांना परवानगी मिळू लागली. अशा काळात ‘लोकनाट्य’ हे नाव प्रतिष्ठेचे ठरले. नाव बदलण्याचा असाच प्रकार अमेरिकेतही घडला : ‘बिलबोर्ड’ या संगीतव्यवसायाच्या नियतकालिकाने 1949 मध्ये कृष्णवर्णीयांच्या ध्वनिमुद्रिकांसाठीचे ‘रेस रेकॉर्ड्‌स’ हे नाव बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ केले. काही वर्षांत त्याच धाटणीचे संगीत ‘रॉक अँड रोल’ म्हणून खपू लागले. आपण न्यू ऑर्लिन्समध्ये आधीपासून हेच वाजवत होतो, असे पियानोवादक-गायक फॅट्स डॉमिनो सांगत. तिथे नाव बाजाराने चिकटवले, इथे ते शाहिराने स्वतः उचलले.

पुढील वाटचाल : वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ दादा कोंडके यांच्यामुळे गाजले आणि लोकनाट्य शहरी नाट्यगृहांत स्थिरावले. जत्रांतले फड मात्र ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ अशी दोन्ही नावे जोडून लावतात. कवलापूरच्या (ता. मिरज) काळू-बाळू या जुळ्या भावांना रसिकांनी तमाशा कलावंत म्हणूनच डोक्यावर घेतले. धंद्यातली खरी विभागणी वेगळीच आहे : ढोलकीच्या तालावर वगापर्यंत (तमाशातल्या कथानाट्यापर्यंत) जातो तो ढोलकीफड, पेटी-तबल्यावर लावणी रंगते ती संगीतबारी.