जुळलेले आणि जुळवलेले

जुन्या लष्करी पिस्तुलांच्या संग्रहात शस्त्रापेक्षा त्याचा साज अधिक बोलका असतो, असे आम्हांस वाटते. पिस्तूल पोलादाचे, ते टिकते. त्याचे म्यान, चामडी पट्टे, नळी साफ करण्याची सळई या वस्तू मात्र हरवतात, कुजतात, एका शस्त्राकडून दुसऱ्याकडे जातात. म्हणूनच त्या मूळच्या आहेत की मागाहून जोडलेल्या, हा प्रश्न केवळ संग्राहकाच्या हौसेचा राहत नाही. तो इतिहासाच्या साधनांचाही प्रश्न होतो.

जर्मनीतील ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यात १८९६ पासून तयार होऊ लागलेले ‘सी-९६’ पिस्तूल येथे उदाहरणादाखल घेऊ. त्याचे म्यान अक्रोडाच्या लाकडाचे, आतून पोकळ आणि झाकणाचे असे. त्याच्या निमुळत्या टोकावरील लोखंडी जोड पिस्तुलाच्या मुठीमागील खाचेत सरकवला की म्यानाचाच दस्ता होई आणि पिस्तूल बंदुकीप्रमाणे खांद्याला लावून झाडता येई. चीनमध्ये हे पिस्तूल ‘पेटी-तोफ’ अशा अर्थाच्या नावानेच प्रसिद्ध झाले. साजावरून शस्त्राला नाव पडावे, हे विरळाच.

अनेक म्यानांच्या लोखंडी जोडावर त्या त्या पिस्तुलाचाच क्रमांक ठोकलेला आढळतो. दोन्ही क्रमांक एकच असले तर संच ‘जुळलेला’ ठरतो आणि त्याची किंमत चढते. किंमत चढते म्हणूनच क्रमांक ‘जुळवले’ही जातात. जुना आकडा कानशीने घासायचा आणि त्या जागी नवा ठोकायचा, एवढाच तो उद्योग. अशा ठिकाणी धातू किंचित खोलगट लागतो, आकड्यांच्या कडा अनाठायी धारदार दिसतात आणि भोवतालच्या जुन्या काळसर रंगात तेवढाच भाग उजळ राहतो. लाकडाची परीक्षा बाहेरच्या चकाकीवरून नव्हे, आतून करावी. वर्षानुवर्षे पिस्तूल आत-बाहेर होत राहिले असेल, तर ते जेथे टेकते तेथेच घासल्याच्या खुणा असणार. बाहेरून जीर्ण आणि आतून कोरे असलेले म्यान संशयास्पद मानावे.

परंतु एकट्या खुणेवर विसंबूनही चालत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, प्रशियाच्या सैन्याने ९ मिलिमीटर काडतुसाची १,५०,००० पिस्तुले या कारखान्याकडे मागवली. नेहमीची पिस्तुले ७.६३ मिलिमीटरची. सैनिकाने भलतीच काडतुसे भरू नयेत म्हणून मुठीच्या लाकडी पट्ट्यांवर ९ चा आकडा कोरून तांबडा रंगवला गेला. या पट्ट्या एका स्क्रूने निघतात. म्हणजे सहज बदलता येतात. तेव्हा नेम धरण्याची पट्टीही पाहावी. सैन्याच्या या पिस्तुलांवर तिचे अंक ५०० मीटरपर्यंत असत, व्यापारी पिस्तुलांवर बहुधा १००० पर्यंत. तांबडा ९ आणि १००० चा अंक एकत्र दिसले तर शंका घेण्यास जागा आहे.

याचा अर्थ न जुळलेला प्रत्येक संच खोटा, असा मात्र नव्हे. व्हर्सायच्या तहाच्या बंधनांमुळे यांतील काही पिस्तुलांच्या नळ्या १०० मिलिमीटरहून आखूड करण्यात आल्या. दुरुस्तीत, युद्धात, देशांतरात म्याने बदलली. क्रमांकांतील ही विसंगती त्या शस्त्राचे चरित्रच होय. ती पुसून संच ‘पूर्ण’ करणारा मनुष्य त्या चरित्राची पाने फाडत असतो.

या क्रमांकांचे मोल किती, हे आपल्याच देशातील एका प्रकरणावरून कळते. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रॉडा कंपनीच्या मालातील दहा पेट्या क्रांतिकारकांनी पळवल्या. त्यांत ५० माउझर पिस्तुले व ४६,००० काडतुसे होती. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात, पिस्तूल ठेवण्याची पेटी मुठीला जोडून ते खांद्यावरून झाडता येई, याची आवर्जून नोंद आहे. पिस्तुलांचे क्रमांक कंपनीच्या दप्तरी होते, म्हणून सापडलेले शस्त्र ओळखता येई. अहवालाच्या वेळेपर्यंत ३१ पिस्तुले हस्तगत झाली होती. सरकारला तो क्रमांक पुरावा म्हणून हवा होता. आज तोच क्रमांक आपल्याला स्मृती म्हणून हवा आहे.

उरलेल्या एकोणीस पिस्तुलांपैकी एखाद्याचे लाकडी म्यान आज कोठे परक्या पिस्तुलासोबत पडले असेल, तर त्याची ओळख पटवणारा दुवा म्हणजे लोखंडावरचे ते चार-सहा आकडे. कोणी चार पैसे अधिक मिळावेत म्हणून ते घासून टाकले, तर संच जुळेल, किंमत येईल, आणि एक साक्षीदार कायमचा मुका होईल. म्हणून संग्राहकांस आमचे सांगणे एवढेच, की जे जुळत नाही ते तसेच राहू द्यावे आणि तशी नोंद करून ठेवावी. अपुरे खरे हे पुऱ्या खोट्याहून केव्हाही मोलाचे.