जीपगाडी आणि आमची ऐरण

ज्ञातीच्या स्मरणिकेतून रथ, पालख्या, देव्हारे आणि मंदिरांचे सभामंडप घडविणाऱ्या आपल्या पूर्वजांची महती आजवर अनेक विद्वान लेखकांनी वर्णिली आहे, आणि ते सर्वथैव उचित झाले आहे. परंतु गेल्या पाऊणशे वर्षांत आपल्या सुतार-लोहार घरांच्या अंगणात जे एक वाहन शेकडो वेळा खोलले गेले, ठोकले गेले, कापून वाढविले गेले आणि पुन्हा रस्त्यास लावले गेले, त्या जीपगाडीविषयी या पृष्ठांतून काही लिहिलेले आमच्या तरी वाचनात नाही. ही उणीव अंशतः भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभ एका लाकडाच्या तुकड्यापासून करतो. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन जीप ही वरून पाहता संपूर्ण पोलादी वस्तू. परंतु तिच्या तळाच्या पत्र्याखाली ज्या आडव्या पोकळ पट्ट्या असतात, त्यांच्या आत बळकटीसाठी लाकडाचे ठोकळे बसविलेले असत. पावसाचे पाणी त्यांत मुरे, लाकूड ते धरून ठेवी, आणि पत्रा आतून गंजत जाई. आपल्याकडच्या पावसाळ्यांत तर हा रोग फारच लवकर बळावे. अशी एक गाडी खोलताना आमच्या वडिलांच्या हाती त्या ठोकळ्याचा भुसा आला, तेव्हा त्यांना मोठे नवल वाटले. साता समुद्रापलीकडच्या कारखान्यातही कोणी सुताराची आठवण ठेवली होती! त्यांनी त्या जागी जुन्या सागवानाचे तुकडे तासून, तेल पाजून बसविले, आणि पाणी निघून जावे म्हणून पट्टीच्या खालच्या अंगास भोके पाडली. अमेरिकन अभियंत्यांना जे सुचले नाही ते त्यांना सुचले, असा दावा आम्ही करणार नाही. लढाईसाठी घडविलेली गाडी वीस पावसाळे काढील अशी त्या अभियंत्यांची कल्पनाच नव्हती.

जीपचा जन्मही, नीट पाहिल्यास, जुळवाजुळवीतूनच झालेला आहे. १९४० सालच्या जुलै महिन्यात अमेरिकन सैन्याने १३५ कंपन्यांना पत्रे धाडून हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी मागितली. नमुना सादर करण्यास अवधी दिला अवघा एकोणपन्नास दिवसांचा. बँटम नावाच्या एका लहानशा, डबघाईस आलेल्या कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्यास पाचारण करून नकाशे तयार करविले आणि २३ सप्टेंबर रोजी पहिली गाडी सैन्याच्या दारी उभी केली. इतक्या थोड्या अवधीत प्रत्येक भाग नवा घडविणे कसे शक्य होते? तिचे आस स्टुडबेकर कंपनीच्या प्रवासी मोटारीच्या आसांवरून बेतले होते, आणि इतर अनेक भाग बाजारात तयार मिळत होते तेच घेतले होते. पुढे काम मुख्यत्वे विलीज व फोर्ड यांच्याकडे गेले आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे साडेसहा लाख गाड्या बाहेर पडल्या. बँटमच्या वाट्यास मात्र ट्रेलर आले. मूळ कारागिराचे नाव मागे पडण्याची तऱ्हा सर्वत्र सारखीच दिसते.

हिंदुस्थानात जीप दोन वाटांनी आली. एक वाट युद्धोत्तर लिलावांची. सैन्याने मागे टाकलेल्या गाड्या व सुट्या भागांचे ढीग व्यापाऱ्यांनी उचलले आणि ते मुंबईच्या कुर्ल्यात, चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात येऊन पडले. दुसरी वाट कारखान्याची. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद या कंपनीने विलीज जीपचे सुटे भाग आणवून मुंबईत माझगाव येथे त्यांची जोडणी सुरू केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र असे पडले. पुढे गाडी येथेच बनू लागली. ज्या जीपचा पुढील पत्रा उंच व चौकोनी असे, ती सीजे-३बी होय. अमेरिकेत ती १९५३ साली निघाली आणि १९६८ साली बंद झाली. आपल्याकडे मात्र तोच घाट त्यानंतर कित्येक वर्षे चालू राहिला. समोरच्या जाळीतील उभ्या फटी मोजल्या तरी गाडीचे कुळ कळते: लढाईतील गाडीस नऊ, नागरी गाडीस सात.

कारखान्याने वर्षानुवर्षे एकच घाट राखला, याचा परिणाम विलक्षण झाला. युद्धकालीन गाडीचे कित्येक भाग नव्या गाडीच्या भागांशी जुळत. ज्या वस्तूचे भाग सहज मिळतात आणि जी चार पान्यांनी खोलता येते, तिला मरण नसते. असे असूनही गाडी प्रथम आपल्या दारी आली ती सन्मानाने नव्हे, संकटाच्या काळी आली, हे येथे नमूद केले पाहिजे.

आपल्या लोहार-सुतारांचा मुख्य आधार बैलगाडीचे चाक. सुताराने तुंबा, आरे व घेर जुळवून लाकडी चाक उभे करावे. लोहाराने गोवऱ्यांच्या वर्तुळाकार जाळात लोखंडी धाव लाल तापवून चाकावर उतरवावी आणि पाणी ओतून आवळून घ्यावी. या कामात दोन्ही घरे एकमेकांस बांधलेली होती. बलुत्याचे धान्य त्यावर येई. पुढे उसाच्या पट्ट्यात रबरी टायरांच्या गाड्या आल्या. मोडीत निघालेल्या मोटारींचे आस, बेअरिंगे व चाके त्यांना लागली, आणि लाकडी चाकाची मागणी पाहता पाहता ओसरली. ज्या टायरने आमच्या घरची भाकरी काढून घेतली, त्याच टायरमागून मोटारीची दुरुस्ती आली. हे सारे आपल्या वडीलधाऱ्यांनी हसतमुखाने स्वीकारले असे लिहिणे खोटे ठरेल. आमच्या आजोबांनी मोटारीच्या कामास अखेरपर्यंत हात लावला नाही.

ज्यांनी हात लावला, त्यांना मात्र एक गोष्ट लवकरच उमगली. इंजिन परके असले तरी गाडीचा खालचा अर्धा भाग आपल्या ओळखीचा होता. जीपचा सारा भार पोलादी पाट्यांच्या कमानींवर तोललेला असतो. खडबडीत रस्त्याने व ओझ्याने कमान बसते, मधला पाटा तुटतो, गाडी एका अंगास झुकते. नवा पाटा तालुक्यास मिळेना, मिळाला तर परवडेना. अशा वेळी लोहाराने पाटे सुटे करावेत, बसलेल्या पाट्याची कमान पुन्हा उठवावी आणि त्यास पाणी द्यावे. या कामात घणापेक्षा डोळ्यांची कसोटी अधिक लागते. लाल तापविलेला पाटा तेलात विझविला की तो कठीण होतो, पण काचेसारखा ठिसूळही होतो. तसाच बसविला तर पहिल्याच खड्ड्यात तडकतो. म्हणून त्याच्या अंगास तेल चोळून तो पुन्हा मंद विस्तवावर धरतात, आणि ते तेल आपोआप पेट घेऊन जळून गेले म्हणजे ताव बरोबर बसला असे समजून बाजूस काढतात. हे ज्ञान छापील पुस्तकातून आलेले नव्हते. कोयत्यास व कुऱ्हाडीस पाणी देणाऱ्या हाताला ते आधीच ठाऊक होते. उलट, जो पाटा दुरुस्तीच्या पलीकडे गेला त्याचाच कोयता होई. मोटारीच्या पाट्याचा कोयता म्हणजे उत्तम, ही ऊसतोडणी करणाऱ्यांची समजूत आजही आहे.

इंजिनाचे ज्ञान आपल्याकडे आयते नव्हते, ही गोष्टही प्रांजळपणे सांगितली पाहिजे. आमचे वडील कार्ब्युरेटर व डिस्ट्रिब्युटर यांचे काम बाजारातील एका मुसलमान मिस्त्रींच्या पायाशी बसून शिकले. एक, तीन, चार, दोन हा चार नळकांड्यांच्या ठिणगीचा क्रम त्यांनी भिंतीवर कोळशाने लिहून ठेवला होता, आणि घर रंगविताना तेवढी जागा सोडण्यात आली.

आता आमच्या घरच्या गाडीविषयी. १९७४ साली वडिलांनी लिलावात एक पेट्रोलवर चालणारी सीजे-३बी घेतली. दारे, चौकटी व नांगर वाहून नेण्यास ती अपुरी पडे, म्हणून मागील बैठकी काढून, पत्रा कापून, तिचा उघडा मालवाहू पिकअप करण्यात आला. सांगाडा वाढवावा की नाही यावर पुष्कळ खल झाला. फिलिपिन्समध्ये युद्धोत्तर जीपगाड्या लांबवून त्यांच्या प्रवासी जीपनी झाल्या, ही कथा कोणीतरी ऐकली होती. पण दोन आसांमधील अंतर ८० इंचांचेच राहू द्यावे, असे वडिलांनी ठरविले. ओढ्याच्या चढावर आखूड गाडीच तरते, हा त्यांचा अनुभव. चुलत्यांनी मागे सागवानी फळ्यांचा तळ केला, बैलगाडीच्या साट्याप्रमाणे बाजूंना खुंट्या ठेवल्या, आणि फळ्यांमध्ये फुगण्यापुरती फट राखली. त्या तळाची एकच फळी आजवर बदलावी लागली आहे.

या साऱ्या उद्योगात आमच्या मातोश्रींचे नाव कोठेही येत नाही. भाता त्या ओढीत. गाडी खाली घेऊन गिअरबॉक्स उतरविताना जॅकशेजारी दगड सरकविण्याचे जोखमीचे काम त्यांचे. सुटे केलेले नट-बोल्ट कोणत्या परातीत कोणत्या क्रमाने ठेवले आहेत हे त्याच सांगू शकत. घरातील स्त्रियांनी केलेल्या कामाची मजुरी कोणी कधी मांडली नाही. आम्हीही मांडली नाही.

१९७३ सालच्या जागतिक तेलसंकटानंतर पेट्रोलवरील जीप पोसणे कठीण झाले होते, आणि ठिकठिकाणी जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिने बसविण्याची लाट आली. आमच्या वडिलांनीही एका जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन घेऊन ते घरच्या घरी बसविले. जोडपट्ट्या स्वतः घडविल्या, पुढील कमानीत एकेक पाटा वाढविला. गाडी मोठ्या ऐटीने चालू लागली. गावोगावचे लोक पाहावयास येत. परंतु या यशात एक दोष दडलेला होता. इंजिन जड झाले, ओझे वाढले, आणि ब्रेक मात्र मूळचेच, नऊ इंची ड्रमचे राहिले. त्या काळच्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकचे तेल एकाच मार्गाने खेळते; एक नळी फुटली की चारही चाके मोकळी. नव्या जोडपट्टीची कड त्या नळीस घासत होती. हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

१९८३ सालच्या श्रावणात, लादलेली गाडी घाट उतरत असता, ब्रेकचे पेडल एकाएकी तळाशी गेले. हँडब्रेक या गाडीत चाकांवर नसतो, मागील चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर असतो. तो ओढताच गाडी थरथरली, पण थांबेना. वडिलांनी ती डोंगराच्या अंगास घालून चरात उतरविली. ते बचावले. मागे फळ्यांवर बसलेल्या आमच्या आतेभावाचा उजवा हात कोपरापासून निकामी झाला. तो उत्तम रंधा मारीत असे.

वडिलांनी त्यानंतर सहा महिने गाडीस हात लावला नाही. मग एके दिवशी त्यांनी ती पुन्हा खोलली, नळी सांगाड्याच्या आतल्या अंगाने फिरवून जागोजागी रबराच्या चकत्यांत बांधली, रुंद ब्रेकचे ड्रम शोधून आणले, आणि ओझ्याची मर्यादा फळीवर कोरून लिहिली. आतेभावास त्यांनी आयुष्यभर धान्य पोचविले. हे त्यांचे मोठेपण असे लोक म्हणत. ते स्वतः तसे समजत नव्हते.

हा प्रसंग आम्ही विस्ताराने दिला, कारण गेल्या काही वर्षांत आपल्या तरुणांमध्ये कायद्याविषयी बराच संताप दिसतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर निर्बंध घालते, आणि जानेवारी १९१९ नव्हे, २०१९ मध्ये, म्हणजे अगदी आपल्या डोळ्यांदेखत, सर्वोच्च न्यायालयाने ते कलम काटेकोरपणे वाचून निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालणार नाही असा निर्णय दिला. जुन्या गाड्यांच्या फेरनोंदणीचे शुल्कही २०२२ पासून वाढले. आमच्या पिढीस हे जाचक वाटते. तथापि आमच्या आतेभावापुढे उभे राहून हा कायदा निष्कारण आहे असे म्हणण्याचे धैर्य आम्हास होत नाही. तक्रार आहे ती निराळी. कमानीचा पाटा घडविणे, कुजलेला तळ नवा करणे, मूळ मापाचा बुश ओतून बसविणे ही दुरुस्ती होय, आणि परके इंजिन घालणे हा बदल होय. हा भेद अंगणातल्या कारागिरास कळतो. पण त्याच्या हाताखाली शिकलेल्या मुलाजवळ कोणतेही प्रमाणपत्र नसल्याने त्याचा शब्द कोणी विचारीत नाही. आयटीआयमध्ये गेलेली आपली मुले मोटारीचे काम शिकून येतात, पण पाट्यास पाणी देणे त्यांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक आहे ते सत्तरीच्या पुढे आहेत.

आमची गाडी अद्याप उभी आहे. ती आता रस्त्यावर जात नाही. खंडेनवमीस ऐरणीशेजारी तिच्या पान्यांचीही पूजा होते. वडिलांची एक वही आमच्याजवळ आहे. तीत पाट्यांची मापे, कमानीची उंची, कोणत्या बुशास कोणता धातू टिकला, कोणाकडून किती येणे राहिले, हे सारे एकाच शाईने लिहिले आहे. मधली चार पाने वाळवीने खाल्ली. उरलेली आम्ही उतरवून घेत आहोत. ज्या ज्ञातिबांधवांच्या माळ्यावर अशा वह्या पडून असतील, त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा आम्हास दाखवाव्यात. हिशेबाची पाने झाकून दाखविली तरी चालेल.