पन्नास सह्यांचा सभासद

मंडळी, जवळा बाजारच्या मोंढ्यात आपण हळदीची, सोयाबीनची पोती उतरवता. भाव बरोबर लागला का, माप नीट झालं का, ही काळजी प्रत्येकाला असते. पण ज्या बाजार समितीच्या देखरेखीखाली हा व्यवहार चालतो, तिचे संचालक कोणी निवडले असं विचारलं, तर पुष्कळजण म्हणतील, "आम्हाला कुठं मत होतं?" हे म्हणणं कितपत खरं आहे, ते पाहण्यासाठी आज दीडशे वर्षं मागं, पुण्याला जाऊ या.

२ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. पर्वती देवस्थानाच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या. त्या सर्वांच्या वतीने मांडायच्या कोणी? त्यातून ही सभा उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी यांनी तिच्यासाठी एवढी खटपट केली, की लोक त्यांना 'सार्वजनिक काका' म्हणू लागले. पहिले अध्यक्ष होते औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. हे औंध साताऱ्याकडचे. आपले औंढा नागनाथ नव्हे, बरं का!

या सभेचा एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सभासद होण्यासाठी नुसते नाव नोंदवून भागत नसे. निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. सरकारने विचारले, "तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?" तर दाखवायला कागद हवा! आरंभी सभासद होते ९५, आणि त्यांच्यामागे सह्या होत्या सुमारे ६,००० लोकांच्या. पन्नास जणांचा विश्वास ही सभासदाची पहिली पात्रता ठरली.

पुढे न्यायमूर्ती रानडे यांच्या मार्गदर्शनाखाली सभेने शेतसारा, दुष्काळ अशा प्रश्नांचा अभ्यास केला. १८९५ च्या जुलैमध्ये मात्र व्यवस्थापक मंडळाच्या निवडणुकीत लोकमान्य टिळकांच्या पक्षाला बहुमत मिळाले आणि सभा त्यांच्या हाती गेली. रानडे-गोखले यांच्या पक्षाने १८९६ साली 'डेक्कन सभा' ही निराळी संस्था काढली. त्याच साली दुष्काळ पडला. सार्वजनिक सभेची माणसे खेडोपाडी हिंडून दुष्काळी कायद्याने शेतकऱ्याला काय सवलत मिळते, ते सांगू लागली. १८९७ साली सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. तेव्हा पाहा, एका वार्षिक निवडणुकीने संस्थेची चाल बदलली आणि तिची दोन घरंही झाली.

आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. इथे तर १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, ती १९४६ पर्यंत टिकली. उघडपणे संस्था चालवावी, पदाधिकारी निवडावेत, एवढ्यासाठीही आपल्या वडीलधाऱ्यांना झगडावे लागले.

आता मोंढ्यात परत येऊ. २०२३ साली राज्यात बाजार समित्यांच्या निवडणुका झाल्या, तेव्हा १८ जागांपैकी ११ सेवा सहकारी सोसायट्यांच्या, ४ ग्रामपंचायतींच्या, २ व्यापारी-आडत्यांच्या आणि १ हमाल-मापाड्यांची होती. सोसायटीच्या जागांसाठी मत दिले ते गावोगावच्या सोसायट्यांच्या संचालकांनी. म्हणजे आपले मत मोंढ्यापर्यंत पोचते खरे, पण दुसऱ्याच्या हातून. गावचा संचालक हा आपला मुखत्यारच झाला!

आणि त्याला निवडतो कोण? आपणच! तिथे आपण काय करतो? सोसायटीची निवडणूक लागली, तरी नोटिशीकडे कोणी पाहत नाही. अर्ज भरण्याची तारीख निघून जाते. सूचक-अनुमोदक म्हणून कोणी सही मागितली, तर न वाचताच आपण ती करून देतो. मग छाननी होते, माघार होते, सगळे बिनविरोध ठरते. बिनविरोध निवड वाईट असे नव्हे. सर्वांनी बसून, विचारून ठरवली तर ती चांगलीच. पण कोणी विचारलेच नाही म्हणून झालेली निवड निराळी.

गुरुजींना एक विनंती. वर्गाचा प्रतिनिधी निवडताना उमेदवार मुलामुलींना पाच सोबत्यांच्या सह्या आणायला सांगा. सही करण्याआधी प्रत्येकाने त्याला एक तरी प्रश्न विचारावा. ही सवय शाळेत लागली, तर पुढे सोसायटीच्या अर्जावर सही करतानाही तो प्रश्न ओठावर येईल.