नाणेघाटाचे आकडे, जावास्क्रिप्टला अनोळखी

जुन्नरहून नाणेघाटात गेलात, तर घाटमाथ्याजवळच्या लेण्याच्या भिंती नीट बघा. सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख तिथे दोन हजार वर्षांपासून आहे. यज्ञात दिलेल्या दक्षिणेचा तो हिशोब आहे: १७०० गाई, १० हत्ती. तेव्हा शून्याचं चिन्ह नव्हतं. हजाराला एक खूण, सातशेला दुसरी. ब्राह्मी आकड्यांच्या याच घराण्यातून आपले देवनागरी अंक आले आणि अरबांमार्फत युरोपात पोचलेले इंग्रजी अंकही.

आता शेजारच्या आंबेगावात, मंचरच्या बाजारात या. समजा, एका शेतकऱ्याने मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये बटाट्याच्या पिशव्या मराठीत भरल्या: १२. एकूण रकमेच्या जागी उमटतं ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नाही’.

१९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना १० दिवसांत उभा केला. मजकुराचा आकडा करताना ती आजही फक्त इंग्रजी अंक ओळखते. गंमत म्हणजे, ‘मराठी, भारत’ असं सांगितलं की तीच रक्कम देवनागरीत छान लिहून दाखवते. लिहिता येतं, वाचता येत नाही!

उपाय एका ओळीचा आहे. युनिकोडमध्ये ० चा क्रमांक २४०६, तर ९ चा २४१५. प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा करा, मग हिशोब करा. रकानाही ‘नंबर’ऐवजी ‘टेक्स्ट’ प्रकारचा ठेवा.

‘कृपया योग्य आकडा भरा’ असं लाल अक्षरांत शेतकऱ्याला सांगू नका. त्याचा आकडा बरोबरच आहे. वाचायला शिकायचंय ते आपल्या कोडने.