वाढवलेली रॅम, घटलेला वेग

2005 च्या मे महिन्यातली गोष्ट. ऐन लग्नसराई. जालन्याहून दादाचा, म्हणजे माझ्या आतेभावाचा फोन आला.

"अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? रॅम डबल केली अन् हे डबडं आधीपेक्षा हळू चालू लागलं. असं कधी असतंय का?"

सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटलं की नातेवाईकांच्या लेखी आपल्याला प्रिंटरपासून टीव्हीच्या रिमोटपर्यंत सगळं दुरुस्त करता येतं. मी सवयीने "व्हायरस असेल, फॉरमॅट मार" असं सांगून मोकळा होणार होतो. पण दादाचा धंदा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा. तीन लग्नांचं एडिटिंग अडकलेलं, आणि वर लोडशेडिंग. दोन लोडशेडिंगच्या मधे त्याला जेमतेम पाच तास वीज मिळायची. आधी एका लग्नाचं रेंडरिंग पावणेपाच तासांत उरकायचं. आता पाच तास उलटायचे, वीज जायची, यूपीएस दहा मिनिटं कण्हायचा आणि मुसळ केरात. पार्ट्या पैशांसाठी नाही, सीडीसाठी दारात उभ्या. शुक्रवारी रात्री पुण्याहून बस पकडली.

मशीन चांगलं होतं. 800 मेगाहर्ट्झ बसचा पेंटियम 4, इंटेलच्या 865 चिपसेटचा मदरबोर्ड, ग्राफिक्स बोर्डावरचंच. मूळच्या 256 एमबीच्या दोन डीडीआर 400 स्टिक. दुकानदाराने तिसऱ्या स्लॉटमध्ये 512 ची एक डीडीआर 333 स्टिक बसवून दिलेली. 512 ची झाली एक जीबी. हिशेब चोख! बिचाऱ्याने फसवलंही नव्हतं, दुकानात जी होती ती दिली.

पेन ड्राइव्हवरून सीपीयू-झेड चालवलं. मेमरीच्या पानावर चॅनेलसमोर लिहिलं होतं 'सिंगल'.

तर मंडळी, भानगड अशी. डीडीआर 400 ची एक स्टिक सेकंदाला 40 कोटी वेळा, दर वेळी 8 बाइट, म्हणजे 3.2 जीबी डेटा देऊ शकते. 865 मध्ये सारख्या दोन स्टिक जोडीने लावल्या की दोन्ही वाटा एकदम चालतात, 6.4 जीबी. पेंटियम 4 ची ती बसही बरोबर तेवढीच, 6.4. जोडा अगदी जमलेला. तिसरी स्टिक आली आणि एका वाटेवर 768 एमबी, दुसरीवर 256. जोडी फुटली, एकच वाट उरली. शिवाय सगळ्यांचा वेग सगळ्यात मंद स्टिकइतका. हाती राहिले सेकंदाला अडीच जीबीच्या आसपास. प्रोसेसरची कॅश बरंच सांभाळून घेते, त्यामुळे काम अडीच पट मंदावत नाही. दादाचं साधारण दहा टक्क्यांनी मंदावलं होतं. पण पावणेपाच तासांचे दहा टक्के म्हणजे जवळजवळ अर्धा तास, आणि लोडशेडिंग काही अर्धा तास थांबत नाही.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडला. मशीनने हे चालवून का घेतलं? ओरडलं का नाही?

जुनी मशीन्स ओरडायची. 1983 मध्ये वँग लॅबोरेटरीजने सिम काढलं, म्हणजे मेमरीच्या चिप्स एका छोट्या पट्टीवर बसवून स्लॉटमध्ये खोचायची सोय. 30 पिनांचं सिम एका वेळी 8 बिट द्यायचं आणि 486 ला हवे असायचे 32, म्हणून चार-चार सारखी लावायची. पेंटियमला 64 बिट, म्हणून 72 पिनांची दोन-दोन. एखादं कमी पडलं तर मशीन सुरूच व्हायचं नाही, नाहीतर ती रॅम मोजलीच जायची नाही. मग 64 बिटांचं डिम आलं, एकट्यानेही भागू लागलं आणि जोडीची सवय सुटली. (मधे इंटेलने रॅमबसचा नाद केला. 2000 सालच्या पहिल्या पेंटियम 4 ला ती महागडी रॅम जोडीनेच लागे, आणि रिकाम्या स्लॉटमध्येसुद्धा एक खोटी पट्टी बसवावी लागे. त्याच वर्षी जेडेकने डीडीआरचं मानक छापलं आणि बाजाराने स्वस्त बाजू घेतली. योग्यच केलं.)

दुसरा बदल एसपीडीचा. स्टिकवर कोपऱ्यात एक इवलीशी वेगळी चिप असते. तिच्यात आकार, वेग, टायमिंग सगळं लिहिलेलं, स्टिकची पत्रिकाच म्हणा ना. सुरू होताना बायॉस सगळ्या पत्रिका वाचतो आणि सगळ्यांना झेपेल असा वेग ठरवतो. इंटेलने 1998 मध्ये पीसी 100 ची रॅम आणली तेव्हा स्टिकची मांडणी आणि या पत्रिकेतले रकाने नेमून दिले. आधी कुठल्या कंपनीची रॅम कुठे चालेल याचा भरवसा नसायचा, तो यायला लागला. सोय मोठीच. फक्त पत्रिका जुळली नाही तरी बायॉस लग्न लावतो, आणि कोणाला सांगत नाही!

865 बोर्ड आले 2003 मध्ये. जोडी परत आली, पण सक्तीची नाही, ऐच्छिक.

हे दादाला कसं समजवावं? मग मनमाड आठवलं. आमच्या लहानपणी जालन्याहून मुंबईला जायचं तर मनमाडला गाडी बदलावी लागे. 1900 च्या सुमारास निजामाच्या राज्यात टाकलेला मनमाड-सिकंदराबाद मार्ग मीटर गेज, रुळांत एक मीटर अंतर. मनमाडहून मुंबईचा ब्रॉड गेज, 1.676 मीटर. मालसुद्धा तिथे एका वाघिणीतून दुसरीत भरावा लागे. 1990 च्या दशकात रूळ रुंद झाले तेव्हा ते संपलं.

दादा म्हणाला, "पण मनमाडला दिसायचं ना रे. हमाल दिसायचे, पोती दिसायची. इथं डब्यात काय दिसतंय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही फारसं नाही. 8 जीबी बोर्डावरच डकवलेल्या लॅपटॉपमध्ये लोक 16 ची स्टिक घालतात. आताचे चिपसेट जमेल तेवढ्या भागाची जोडी लावतात आणि उरलेलं एकट्याने चालवतात. पण स्क्रीनवर दिसतं ते फक्त 24 जीबी.

असो. 512 ची स्टिक काढली. त्याच संध्याकाळी पहिलं लग्न वीज जायच्या दहा मिनिटं आधी पूर्ण झालं. दादाने सीडी हातात घेऊन पाच मिनिटं नुसती उलटीपालटी केली :-) पुढच्या आठवड्यात मी पुण्याहून 256 च्या दोन डीडीआर 400 पाठवल्या. चारही स्लॉट सारखे, एक जीबी, आणि चॅनेलसमोर 'ड्युअल'.

काढलेली स्टिक गल्लीतल्या एमएस-सीआयटीच्या क्लासवाल्याने घेतली. त्याच्या मशीनमध्ये ती एकटीच बसली, आणि तिथे छान चालली.